साडेतीन वर्षांच्या मुलाला घरी काय काय करायला द्यावं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जूनपासून नर्सरीत जातोय. रोजच्या वहीत एक पान स्टँडिंग लाइन, एक पान स्लीपिंग लाइन, आणि आता कॅपिटल ‘ए’ सुरू झालाय. घरी वही काढली की हा पलंगाखाली. ओढून बाहेर आणला तर पेन्सिल मुठीत धरतो, दोन रेघा मारतो आणि तिसरीला नोक मोडतो. मुद्दाम मोडतो असा माझा संशय आहे.

शेजारची मुलगी याच वयाची, शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. त्यामुळे घरात रोज तिचं उदाहरण. नवऱ्याचं म्हणणं पाया आत्ताच पक्का व्हायला हवा. सासूबाई म्हणतात, ‘खेळू दे व माय त्याले, आतेच काय कलेक्टर करनं शे का?’ मी दोघांच्या मध्ये.

मोबाइल सोडून घरी काय करून घेता येईल? विकतचे किट नकोत, एक आणला होता, त्याचे तुकडे अजून सोफ्याखाली सापडतात. अंगण आहे, शेत जवळ आहे, पण उन्हाळ्यात दहानंतर बाहेर काढायची सोय नाही. रोज नवीन काहीतरी शोधत बसण्याइतका वेळ मला नाही. घरच्या कामातच बसेल असं सांगा.

पांझरा

वाचतेय. आमची अडीच वर्षांची आहे, मलाही हवंय.

शिरपूरची_ताई

मी अंगणवाडीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, नोक मुद्दाम मोडत असेल तर पोरगं हुशार आहे म्हणायचं. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसत नाही हा त्याचा हट्ट नाही, हात अजून तयार नाही एवढंच. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं. चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह जमतं, मग चौकोन, आणि त्रिकोणाला पाचवं वर्ष उजाडतं. चार-सहा महिने इकडे-तिकडे होतात, क्रम सहसा हाच. आता तुमचा ‘ए’ बघा, दोन तिरप्या रेघा वर टोकाला जुळवायच्या आणि मध्ये आडवी. ज्याला त्रिकोण येत नाही त्याच्याकडे ‘ए’ कसा मागायचा?

हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे येते. म्हणून सुरुवात मोठ्या हालचालींनी करा. सकाळी लवकर बादलीत थोडं पाणी आणि रंगकामाचा जुना ब्रश द्या, अंगणाची भिंत ‘रंगवायला’ सांगा. वर-खाली, आडवं, तिरपं, मोठे गोल. तुमच्या त्या स्टँडिंग आणि स्लीपिंग लाइनी यात आपोआप होतात आणि हात खांद्यातून फिरतो. भिंत वाळली की पुन्हा रंगवतो. आपल्याकडचं ऊन आहे, वाळायला वेळ लागत नाही. त्याच्यासमोर मात्र बसा, बादलीपाशी लहान मूल एकटं सोडायचं नाही, पाणी वीतभर असलं तरी.

मनगटासाठी हातरुमाल पिळायला द्या. त्याचे मोजे, त्याची चड्डी त्यालाच पिळू दे. आणि बोटांसाठी दोरीवरचे चिमटे! चिमटा दाबताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं, पेन्सिल धरायलाही तीच तीन. त्याच्या उंचीला एक सुतळी बांधा, फडकी वाळत घालणं हे त्याचं काम.

पण माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे तुरीच्या शेंगा. हिवाळ्यात घरात येतातच. सोलायला बसाल तेव्हा त्याला शेजारी घ्या. शेंगेच्या शिवणीवर नख कुठे लावायचं ते एकदा दाखवा आणि गप्प बसा. पहिल्या काही शेंगांचा चेंदामेंदा होईल. मग कधीतरी दाब बरोबर जागी पडतो, शेंग टचकन उघडते आणि दाणे ओळीत दिसतात. एकीत चार, एकीत पाच, एकीत अळी. अळी निघाली की त्या दिवशीचा अभ्यास अळीचा, आपण काही ठरवायला जायचं नाही. अंगणवाडीतली जी मुलं खडूचा एक तुकडा धरून बसायला तयार नसतात ती शेंगांपाशी पाऊण तास हलत नाहीत.

रावेरकर

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे केळी, म्हणून केळीचं सांगतो. पानाचा जाड दांडा आडवा कापला की आत जाळी दिसते. ताटलीत रंग पातळ करून त्यात बुडवा आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठसे मारू द्या, जाळीदार नक्षी उठते. भेंडीचं टोक कापून मारलं तर फूल. फक्त कपडे टाकाऊ घाला, केळीच्या चिकाचा डाग आयुष्यात निघत नाही. घरचे आधी चीक पुसतील, मग तुम्हाला बोलतील.

एकरेषा

सगळं ऐकायला गोड आहे. पण इंग्रजी शाळेत घालायचं असेल तर तिथे पोराला समोर बसवून विचारतात. तेव्हा ‘मी तुरीच्या शेंगा सोलतो’ सांगायचं का? शेजारची मुलगी शंभरपर्यंत म्हणते ते काही वाईट नाही ना? जगाबरोबर चालावं लागतं भाऊ.

सातपुडा_पायथा

एकरेषा, मी नंदुरबारकडे पहिलीचा वर्ग घेतो. शंभरपर्यंत म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. मी त्यांच्यासमोर वाटीभर चिंचोके ठेवतो आणि म्हणतो, ‘मला सहा दे.’ त्यातली काही मूठभर उचलून देतात. म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणणं पाठांतराने येतं. मोजायला एका चिंचोक्याला एक आकडा, कोणताही सुटायला नको, कोणताही दोनदा नको, आणि शेवटचा आकडा तोच एकूण, इतकं सगळं कळावं लागतं. ही शेवटची गोष्ट तर फारच उशिरा बसते. पाच मोजून झाल्यावर लगेच ‘किती झाले?’ विचारून बघा. लहान मूल उत्तर देत नाही, पुन्हा एकपासून मोजायला लागतं.

यासाठी पानं घ्यायची वेळ उत्तम. जेवायला किती माणसं? मग ताटं किती? प्रत्येक ताटात एक वाटी ठेव. आत्या आली, आता? हे रोज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि चूक झाली तर कोणाच्या तरी पुढ्यात वाटी नसते. चूक त्याची त्यालाच दिसते, आपण लाल पेन घेऊन बसायला नको. दहाच्या पुढे जायची घाई करू नका.

मुलाखतीचं म्हणाल तर 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 13 प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी घ्यायला मनाई आहे. आणि ‘पाया पक्का हवा’ म्हणणाऱ्या भाऊंना सांगा, 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा 3 ते 8 वर्षांचा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि वर पहिली-दुसरी. पाया पाच वर्षं भरायचाय. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब टाकायला कशाला बघायचं?

एकरेषा

कायदा कागदावर आहे हो सर. बाकी चिंचोक्याचं आज घरी करून बघतो.

भुलाबाईचा_खाऊ (भुसावळ)

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका. हाताचं आणि आकड्याचं झालं, कानाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

अक्षर ओळखण्याआधी आवाज ओळखता यावा लागतो. आपल्याकडे भुलाबाईत, म्हणजे भोंडल्यासारख्या मुलींच्या सणात, खाऊ ओळखायचा खेळ असतो, तोच काढा. डब्यात काहीतरी घालून झाकण लावायचं आणि कानापाशी वाजवायचं. शेंगदाणे का फुटाणे? खडीसाखर का मुरमुरे? नुसतं नाव सांगून चालणार नाही. कडक आहे का मऊ, एक आहे का पुष्कळ, गोड का तिखट, असे प्रश्न विचारत विचारत त्याने ओळखायचं, मग डबा त्याचा. पुढे दोन डबे करा आणि ‘सारखा वाजतो का वेगळा?’ विचारा. इतका बारीक कान झाला की ‘कप’ आणि ‘काप’ यांतला फरक त्याला पुस्तकाशिवाय कळतो.

मग शब्दांचे खेळ. भाजी निवडताना, ‘मी क-क-कांदा म्हणते, तू क चं दुसरं सांग.’ तो कपाट म्हणेल, काका म्हणेल, मध्येच बटाटा म्हणेल. बटाट्याला हसायचं आणि पुढे जायचं. टाळ्या वाजवून शब्द तोडा: टो-प-ली, तीन टाळ्या. घरातल्या सगळ्यांच्या नावांच्या टाळ्या. आजोबांचं नाव सगळ्यात लांब निघालं की पोरं खूश होतात.

अक्षरं दाखवायचीच झाली तर क-ख-ग-घ च्या ओळीने नको. आपल्याकडे जुन्या मास्तरांनी ग-म-भ-न पासून सुरुवात केली ती उगाच नाही, सोपी आणि सारख्या वळणाची अक्षरं जवळ येतात. तीही पाटीवर नकोत, परातीत रवा किंवा दादर ज्वारीचं पीठ पसरून बोटाने. खोडायला परात हलवली की झालं. बोटाने गिरवताना चुकलं-बरोबर याची खूण मागे राहत नाही, म्हणून मुलं धीट होतात.

आणि साहित्य विकतचं हवं असं कधीच नव्हतं. आपल्याकडे बालवाड्यांचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, पुढे 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. तिथल्या मुलांसाठी महागडी माँटेसरी साधनं कुठून आणणार? शिंपले, खडे, पानं, बिया, जे हाताशी होतं त्यातून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी सगळं उभं केलं. तुमच्या अंगणात शिंपले नसतील, पण चिंचोके आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या तर आहेत.

तापी_एक्सप्रेस

भुलाबाईचं वाचून शाळा आठवली. आमच्या गल्लीत डबा वाजवायला माझी बहीण, ओळखायला मी, आणि खाऊ शेवटी तिच्याच पोटात. चालू द्या.

पाटील_काकू_अमळनेर

मी नोकरी करते, सकाळी साडेआठला बस. मुलाला आजी सांभाळते. हे सगळं करायला वेळ कोणाकडे? धाग्यातल्या सगळ्या गोष्टी करायच्या ठरवल्या तर घर आवरणार कोण? रागाने नाही विचारत, खरंच विचारतेय.

शिरपूरची_ताई

काकू, सगळ्या करायच्याच नाहीत. तुमच्या वाट्याला रात्रीची भाकरी येते ना? पिठाचा लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या, तेवढं खूप झालं. (गोळा गव्हाच्या कणकेचा घ्या. ज्वारीचा ओढला की तुटतो आणि पोरं चिडतात.) बाकी दिवसभर आजीबरोबर आहे ही अडचण नाही, उलट बरंच आहे. आजी निवडते, पाखडते, घडी घालते, गोष्ट सांगते. तिला फक्त इतकंच सांगा की त्याला ‘हात लावू नको’ म्हणू नका, अर्धं काम त्याला द्या. सांडेल. सांडलेलं वेचणं हाही हाताचाच व्यायाम.

सातपुडा_पायथा

आजीचा विषय निघालाय तर माझंही ऐका. आजी अहिराणीत बोलते म्हणून तिला गप्प करू नका. काही घरांत पोराशी सगळे मोडक्या इंग्रजीत बोलतात: ‘वॉटर पी’, ‘हँड धू’. असं मूल वर्गात आलं की त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण पूर्ण वाक्य कुठल्याच भाषेत नसतं. अहिराणी असो, लेवा असो, आमच्याकडची पावरी-भिली असो, घरची भाषा भरपूर बोला. तिच्यात लांबलचक गोष्ट ऐकलेलं आणि ‘मग काय झालं’ विचारणारं पोरगं मराठी वाचायला लवकर शिकतं, इंग्रजीही शिकतं. रोज झोपताना त्यालाच विचारा, ‘आज काय काय झालं?’ आधी काय, नंतर काय, हे तो लावायला शिकतो. सुरुवातीला सगळं उलटंसुलटं सांगेल, सांगू दे.

पांझरा

माझी अडीच वर्षांची. चिंचोके, शेंगदाणे वगैरे तिला द्यावेत का? ती सगळं तोंडात घालते.

रावेरकर

अजिबात नको. तीन वर्षांच्या आत दाणे, बिया, मणी, बटणं हे सगळं बाजूला ठेवा. तोंडात, नाकात, कानात, कुठेही जातं. शेंगदाणा आणि फुटाणा तर चार-पाच वर्षांपर्यंत जपूनच, श्वासनलिकेत अडकला तर जीवावर बेततं. रिमोट किंवा खेळण्यातले छोटे गोल सेल याहून वाईट, गिळले तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना. तुमच्या मुलीला मोठ्या वस्तू द्या: डब्यांची झाकणं लावायला, बटाटे एका टोपलीतून दुसरीत टाकायला, चमचे आणि वाट्या वेगळ्या करायला. खाऊच्या डब्याचा खेळ खेळायचा तर झाकण पक्कं हवं आणि तिच्यासाठी आत दाण्यांऐवजी मोठा चमचा नाहीतर गूळ.

कापसाचंही सांगून ठेवतो, कारण कोणीतरी सुचवणारच. बोंडातून कापूस ओढणं, सरकी वेगळी करणं बोटांना छान आहे, पण शेतातल्या कापसावर फवारणी झालेली असते आणि वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात. बोंडं काढून टाकून नुसता कापूस द्या, तोही तोंडात न घालणाऱ्या वयातच, आणि नंतर हात साबणाने.

एकरेषा

चिंचोक्याचा रिपोर्ट. आमची कन्या साडेचार वर्षांची, पन्नासपर्यंत म्हणते. ‘सात दे’ म्हटलं. अकरा दिले. परत मागितले, नऊ दिले आणि म्हणाली, ‘पप्पा, तुम्हीच मोजून घ्या ना.’ सर, तुमचं बरोबर आहे.

भुलाबाईचा_खाऊ (भुसावळ)

उन्हाळ्यातल्या दुपारचं राहिलं होतं. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना घरात करायचे दोन उद्योग.

एक, हळदीचा. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि वाळवा. मग साबणाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून त्यावर चित्र काढू द्या, रेघ लाल उठते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. का होतं ते आत्ता समजावू नका, त्याला जादूगार होऊ द्या. आणि साबणाऐवजी चुना वापरायचा मोह आवरा, लहान मुलांच्या डोळ्यांना तो फार वाईट.

दोन, पाण्याचा. मोरीत बसवा, पसरट पातेलं, उंच पेला, लोटा, गाळणी, पळी द्या. एका वाटीचं पाणी पेल्यात ओता, तेवढंच दुसऱ्या वाटीचं पातेल्यात. जास्त कशात, असं विचारा. तो पेल्यात म्हणणार. दोन्ही वाट्या त्याच्यासमोर सारख्या भरल्या होत्या तरी पेल्यातच म्हणणार. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना पाण्याची उंचीच दिसते. सुधारू नका, फक्त ओतू द्या.

मोबाइलबद्दल विचारलंत ना, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसात जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. दोन वर्षांच्या आत मुळीच नाही. आणि दिवसभरात मिळून हालचाल किमान तीन तास. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधता तो आठवडाभराने सोडू नका, राहू द्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे आभार. भिंत रंगवणं एकदम हिट. शेजारची शंभरवाली पण रोज येते आता, तिच्या आईने वेगळा ब्रश पाठवलाय. चिमटे छान चालू आहेत, फक्त मांजरीच्या शेपटीलाही लावतो. रव्याची परात आमच्याकडे चालली नाही, त्याने सगळा रवा फुंकला. पाण्याचा प्रयोग नवऱ्याने केला. पोरगं म्हणे पेल्यात जास्त. ह्यांनी परत वाटीत ओतून दाखवलं, परत पेल्यात ओतलं, परत दाखवलं, शेवटी आवाज चढला. पोरगं ढिम्म. सासूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

नर्सरीच्या मॅडमशी बोलले. घरी वही पूर्ण झाली नाही तरी चालेल, पण कोरी पाठवू नका म्हणाल्या. म्हणून आता त्या पानावर तो मोठे गोल काढतो आणि आत डोळे. मॅडमनी अजून काही म्हटलं नाही.

आता एक नवा प्रश्न. ब्रश, चिमटा, चमचा, सगळं डाव्या हाताने. जेवताना सासूबाई चमचा उजव्यात देतात, हा परत डाव्यात घेतो. पेन्सिल कोणत्या हातात द्यायची?

शिरपूरची_ताई

द्यायचीच नाही, मध्ये ठेवायची. वस्तू त्याच्या समोर बरोबर मध्यावर ठेवा आणि कोणता हात पुढे येतो बघा. या वयात काही मुलं दोन्ही हात वापरतात, कोणता हात मुख्य ते चार ते सहाच्या दरम्यान पक्कं होतं. डावाच येत राहिला तर डावाच. बळजबरी करू नका. सासूबाईंना सांगा, प्रसाद घेताना उजवा हात शिकवा, तेवढं त्याला जमेल, पण चमचा आणि पेन्सिल त्याच्यावर सोडा.

कात्री मात्र बघून घ्या. नेहमीच्या कात्रीत डाव्या हाताने कापताना वरचं पातं रेघ झाकतं, मुलाला कुठे कापतोय ते दिसत नाही आणि सगळे म्हणतात याला कापता येत नाही. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, गावात नसेल तर जळगावहून मागवा. आणि पुढे लिहायला लागेल तेव्हा कागद सरळ नको, वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवून ठेवा, म्हणजे मनगट वाकडं करावं लागत नाही.